भुजंगधारीतील तारकजन्म : वर्ग आणि वय यांसंबंधी काही विचार

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिका तपासताना गेल्या काही वर्षांत एक वाक्य मला वारंवार भेटत आले आहे. ‘हा उद्गम पहिल्या वर्गातील असल्यामुळे त्याचे वय सुमारे एक लक्ष वर्षे आहे,’ असे ते वाक्य. त्यातील आकडा कधी बदलतो. कधी एक लक्षाच्या जागी पाच लक्ष येतात. परंतु ‘असल्यामुळे’ हा शब्द मात्र बदलत नाही. लिहिणाराला आपण काही गृहीत धरले आहे असे वाटत नाही, आणि परीक्षकही बहुधा समासात खूण न करता पान उलटतो. मीही पूर्वी उलटीत असे. या एका शब्दामागे किती निरीक्षण आहे, किती सिद्धांत आहे आणि किती केवळ सवय आहे, याचे परीक्षण करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षणासाठी भुजंगधारी तारकासमूहातील रो ताऱ्याजवळचा रेणवीय मेघ निवडला आहे. ज्या वर्गीकरणासंबंधी येथे बोलावयाचे आहे ते याच मेघाच्या अवरक्त वेधांतून जन्मले, येथेच वाढले, आणि त्याचे दोषही प्रथम येथेच उघड झाले. मेघ आपल्यापासून सुमारे १४० पार्सेक, म्हणजे साधारण ४५० प्रकाशवर्षे, अंतरावर आहे. ताऱ्यांचा जन्म इतक्या जवळून पाहता येईल अशी ठिकाणे थोडीच आहेत. वृश्चिकातील ज्येष्ठा ज्याला ओळखता येते त्याला त्याची जागा सांगणे कठीण नाही. ज्येष्ठेच्या उत्तरेस सुमारे तीन अंशांवर रो तारा आहे, आणि त्याच्या दक्षिणेस व पूर्वेस मेघाचा दाट भाग पसरला आहे. अर्थात नुसत्या डोळ्यांना तेथे काहीच दिसत नाही. हे काहीच न दिसणे हाच या विषयाचा आरंभ होय.

१७८५ साली विल्यम हर्शेल यांनी वृश्चिकाच्या अंगातील एका ताराहीन जागेची नोंद केली आणि तिला आकाशातील भोक मानले. विसाव्या शतकाच्या आरंभी बार्नार्ड यांनी या भागाची जी छायाचित्रे घेतली त्यांत तेजोमेघ आणि काळे पट्टे एकमेकांत गुंतलेले दिसतात. हा काळेपणा ताऱ्यांच्या अभावाचा नसून आड आलेल्या द्रव्याचा आहे, हे मान्य करावयास स्वतः बार्नार्ड यांनाही बरीच वर्षे लागली. त्याच हर्शेल यांनी १८०० साली सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून तेथे अदृश्य उष्णता आहे असे दाखविले. आपण पाहिलेल्या भोकात डोकावण्याचे साधन आपल्याच हाती लागले आहे, हे त्यांना कळण्याचा संभव नव्हता. ते साधन उपयोगात येण्यास आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

अवरक्त प्रकाशाने नेमका किती फरक पडतो हे एकदा आकड्यांनी पाहून ठेवलेले बरे. समजा, एखाद्या ताऱ्याच्या आणि आपल्या मध्ये इतकी धूळ आहे की दृश्य प्रकाशाचा क्षय ५० प्रतींचा होतो. याचा अर्थ, निघालेल्या प्रकाशाचा एकावर वीस शून्ये इतक्या भागांतील केवळ एक भाग आपल्याकडे पोचतो. म्हणजे व्यवहारात काहीच पोचत नाही. धूलिकण मायक्रोमीटरच्या अपूर्णांकाएवढे लहान असल्यामुळे लांब तरंगांना ते फारसा अडथळा करीत नाहीत. २·२ मायक्रोमीटर तरंगलांबीवर तोच क्षय सुमारे साडेपाच प्रतींवर येतो, म्हणजे तारा दीडशे-एक पटींनी मंद होतो, इतकेच. शिवाय धूळ जो प्रकाश गिळते तो ती स्वतःजवळ ठेवीत नाही. सुमारे हजार केल्व्हिन तापमानाची धूळ तीन मायक्रोमीटरच्या आसपास, तर तीस केल्व्हिनची धूळ शंभर मायक्रोमीटरच्या आसपास तो परत देते. तारा जितका अधिक गाडलेला, तितकी त्याची ऊर्जा अधिक लांब तरंगांवर बाहेर पडणार. वर्गीकरणाची सारी इमारत या एका वाक्यावर उभी आहे, आणि वाक्य खरे आहे. शंका त्यापुढच्या पायरीविषयी आहे.

या मेघाचा २ मायक्रोमीटर तरंगलांबीवरील पहिला महत्त्वाचा नकाशा ग्रासडालेन आणि दोघे स्ट्रोम यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. तीन वर्षांपूर्वीच, १९७० मध्ये, कार्बन मोनॉक्साइड रेणूचे २·६ मिलिमीटरवरील प्रारण विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांना मृगातील तेजोमेघात सापडले होते, आणि थंड हायड्रोजनाचा ठाव त्या रेणूच्या मागाने घेता येतो हे कळले होते. मेघ कोठे दाट आहे हे रेडिओ दुर्बिणीने सांगावे, आणि त्या दाटीत काय आहे हे अवरक्त दुर्बिणीने पाहावे, अशी विभागणी तेव्हापासून रूढ झाली. परंतु दिसलेला प्रत्येक बिंदू मेघातच जन्मलेला आहे असे कशावरून? मेघामागचे दूरचे राक्षसी तारेही २ मायक्रोमीटरवर धुळीतून डोकावतात, आणि तेही लालच दिसतात.

या आक्षेपाला विल्किंग आणि लाडा यांनी १९८३ मध्ये दिलेले उत्तर मला या विषयावरील सर्व वाङ्मयात सर्वांत देखणे वाटते. त्यांनी मेघाचा अत्यंत दाट असा गाभाच निवडला. तेथे दृश्य प्रकाशाचा क्षय ५० ते १०० प्रतींचा असल्याचे कार्बन मोनॉक्साइडच्या एका दुर्मिळ समस्थानिक रूपाच्या मोजणीवरून दिसत होते. एवढी जाड भिंत २ मायक्रोमीटरच्या प्रकाशालाही पुरून उरते. मागचे तारे आपोआप झाकले जातात. तेव्हा जे दिसते ते भिंतीच्या अलीकडचे किंवा भिंतीतलेच असले पाहिजे. अडथळ्यालाच साक्षीदार करण्याची ही युक्ती निरीक्षकाच्या विवेकाचा नमुना आहे. विद्यार्थ्यांना मी तो निबंध मुद्दाम वाचावयास देतो, कारण त्यात लेखकांनी आपण काय पाहिले आणि त्यावरून काय अनुमान केले या दोहोंमधील सीमारेषा कोठेही पुसलेली नाही.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, त्याच दोघांनी या उद्गमांचे १ ते २० मायक्रोमीटरपर्यंतचे ऊर्जा-वितरण मांडले आणि त्याच्या आकारावरून त्यांचे गट पाडले. काहींची ऊर्जा लांब तरंगांकडे वाढत जाते. काहींची हळूहळू उतरते. काहींची उघड्या ताऱ्याप्रमाणे झपाट्याने उतरते, जणू त्यांच्याभोवती धूळ उरलेलीच नाही. लाडा यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या आकाराला एक अंक दिला. तरंगलांबीने गुणलेल्या ऊर्जाप्रवाहाचा लॉगरिदम आणि तरंगलांबीचा लॉगरिदम यांचा आलेख काढावयाचा आणि सुमारे २ ते २० मायक्रोमीटरमधील त्याचा उतार मोजावयाचा. उतार शून्याहून अधिक असेल तर पहिला वर्ग, शून्य ते उणे दोन असेल तर दुसरा, उणे दोन ते उणे तीन असेल तर तिसरा. १९९४ मध्ये ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मेघाचे अधिक वेध घेऊन सीमा सुधारल्या : ०·३ च्या वर पहिला वर्ग, ०·३ ते उणे ०·३ पर्यंत सपाट वर्णपटाचे उद्गम, तेथून उणे १·६ पर्यंत दुसरा वर्ग आणि त्याखाली तिसरा. ज्या उद्गमाचा उतार ०·१ होता तो १९८७ मध्ये पहिल्या वर्गात होता आणि १९९४ नंतर राहिला नाही. त्याच्या ठिकाणी या सात वर्षांत काहीही घडले नव्हते, हे सांगावयास नको.

येथपर्यंत वर्ग म्हणजे केवळ प्रकार होता. परंतु त्याच १९८७ मध्ये अ‍ॅडम्स, लाडा आणि शू यांनी या आकारांना एक भौतिक कथा जोडली. फिरत्या मेघगर्भाचे द्रव्य आत कोसळते. मध्ये आदितारा आणि त्याभोवती चकती तयार होते. आवरण विरळ होत जाते. शेवटी चकतीही नाहीशी होते आणि तारा उघडा पडतो. पहिला वर्ग आवरणाचा, दुसरा चकतीचा, तिसरा उघड्या ताऱ्याचा. कथा उत्तम होती आणि आजही तिचा सांगाडा टिकून आहे. मात्र तिच्यामुळे एका शब्दाचा अर्थ नकळत पालटला. मराठीत ‘वर्ग’ या शब्दाचे दोन अर्थ आपण रोज वापरतो : एक प्रकार, दुसरा इयत्ता. वनस्पतींचे वर्ग असतात तेव्हा कोणी एका वर्गातून पास होऊन दुसऱ्यात जात नाही. शाळेत मात्र जातो, आणि वर्गावरून मुलाचे वय साधारणपणे सांगताही येते. भुजंगधारीतील वर्ग हे प्रकार म्हणून पाडले गेले आणि इयत्ता म्हणून वाचले जाऊ लागले. इंग्रजीतही हाच घोटाळा आहे. परंतु आपल्या विद्यार्थ्याला तो अधिक सहजपणे भोवतो, कारण त्याच्या कानाला ‘पहिला वर्ग’ म्हटले की सहा वर्षांचे मूल ऐकू येते.

१९९३ मध्ये आन्द्रे, वॉर्ड-टॉम्सन आणि बार्सनी यांनी या शाळेला एक बिगरीही जोडली. मेघाच्या ‘रो भुजंगधारी अ’ नावाच्या गाभ्यात व्हीएलए १६२३ हा उद्गम आहे. त्यातून द्रव्याचे जोरदार झोत निघतात. म्हणजे आत काहीतरी जन्मास येत आहे यात संशय नाही. पण निकट-अवरक्त वेधांत तो सापडेना. उतार मोजावयास २ मायक्रोमीटरवर प्रकाशच नव्हता! तेव्हा त्याच्यासाठी शून्य वर्ग निर्माण झाला, आणि त्याची कसोटी उतारावर न ठेवता एकूण तेजस्वितेपैकी मिलिमीटरहून किंचित लहान तरंगांवर निघणारा भाग अर्ध्या टक्क्याहून अधिक आहे की नाही यावर ठेवली गेली. कसोटीचे मर्म असे की आवरणाचे वस्तुमान मधल्या आदिताऱ्याच्या वस्तुमानाहून अधिक असावे. ही भौतिक विधानाच्या बरीच जवळ जाणारी कसोटी आहे, आणि म्हणूनच मला ती उताराहून अधिक विश्वसनीय वाटते. परंतु परिणाम असा झाला की एकाच मालिकेतील शून्य हा आकडा एका मापाने ठरू लागला आणि एक, दोन, तीन हे दुसऱ्या मापाने. मालिका अखंड दिसते ती केवळ आकड्यांमुळे.

आता उताराचे दोष. त्यांतील पहिला पाहणाराच्या दिशेचा आहे. ताऱ्याभोवतीची चकती आपल्याला वरून दिसली तर मधला तारा आणि आतली तप्त धूळ दोन्ही दिसतात; तीच चकती नेमकी कडेने दिसली तर तिची स्वतःची कडाच ताऱ्याला झाकते, लघुतरंगांचा प्रकाश अडतो, आणि उतार वर चढतो. दुसऱ्या वर्गाचा तारा पहिल्या वर्गात जाऊन बसतो. उलट, आवरणात गाडलेल्या आदिताऱ्याच्या झोतांनी ध्रुवाकडे पोकळी कोरलेली असते. आपली दृष्टी त्या पोकळीच्या तोंडातून गेली तर पहिल्या वर्गाचा उद्गम दुसऱ्यासारखा दिसतो. व्हिटनी, रॉबिटाय आणि इतरांनी २००३ नंतर संगणकावर शेकडो प्रतिकृती वेगवेगळ्या कोनांतून पाहून हे पुरते सिद्ध केले आहे. रॉबिटाय यांनी तर भौतिक स्थितीसाठी ‘अवस्था’ असा निराळा शब्दच योजला, जेणेकरून वर्ग हा शब्द निरीक्षणापुरता राहील. सूचना योग्य होती. ती पाळणारे थोडेच निघाले.

दुसरा दोष आड येणाऱ्या धुळीचा आहे, आणि भुजंगधारीत तो विशेष बाधतो. उद्गमाशी काहीही संबंध नसलेली, केवळ वाटेत पडलेली मेघाची धूळ २ मायक्रोमीटरवरील प्रकाश जितका क्षीण करते तितका २० मायक्रोमीटरवरील करीत नाही. उतार पुन्हा वर चढतो. ज्या जाड भिंतीने १९८३ मध्ये विल्किंग आणि लाडा यांना मदत केली तीच भिंत पुढे वर्गांची गणना बिघडवते. एकाच गोष्टीने एकदा साक्षीदार व्हावे आणि दुसऱ्यांदा आरोपी, असे निरीक्षणशास्त्रात पुष्कळदा घडते.

या दोन्ही दोषांचा हिशेब व्हान केम्पेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात घेतला आहे. त्यांनी वर्णपटाच्या उतारावर विसंबून न राहता प्रत्येक उद्गमाभोवती दाट वायूचा आणि थंड धुळीचा नकाशा काढला. खरे आवरण असेल तर वायू उद्गमाच्या ठिकाणी एकवटलेला दिसला पाहिजे. मेघाच्या मुख्य भागातील पहिल्या वर्गाच्या आणि सपाट वर्णपटाच्या बऱ्याच उद्गमांभोवती असे आवरण त्यांना आढळले नाही. ते मेघामागे किंवा मेघात झाकलेले चकतीवाले तारे निघाले. सपाट वर्णपटाचे उद्गम ही आवरण आणि चकती यांमधली स्वतंत्र पायरी होय, या समजुतीलाही त्यामुळे धक्का बसला. सारांश, इयत्तेच्या पटावर ज्यांची नावे होती त्यांतील पुष्कळ मुले त्या इयत्तेची नव्हतीच.

आणि तरीही वय कोठून येते, या मूळ प्रश्नाला आपण अजून हात घातलेला नाही. ते गणनेतून येते. एखाद्या गावात जन्मांचे प्रमाण वर्षानुवर्षे सारखे असेल, आणि पाळण्यातील मुले दहा व शाळेतील मुले शंभर असतील, तर पाळण्याचा काळ शाळेच्या काळाच्या दशांश आहे असे म्हणता येते. भुजंगधारीत बोंताँ आणि सहकाऱ्यांनी ‘आयसो’ या अवकाश-वेधशाळेच्या साहाय्याने ६·७ आणि १४·३ मायक्रोमीटरवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या वर्गाचे १६ आणि दुसऱ्या वर्गाचे १२३ उद्गम मिळाले. १६ भागिले १२३ म्हणजे ०·१३. दुसऱ्या वर्गाचा काळ २० लक्ष वर्षे धरला तर पहिल्याचा सुमारे अडीच लक्ष वर्षे येतो. गणित शाळकरी आहे, आणि त्याची मोहिनीही त्यातच आहे.

परंतु ‘जन्मांचे प्रमाण सारखे असेल तर’ या अटीचे काय? आपल्या गावाची वस्तीच जर पाच वर्षांपूर्वी झाली असेल, तर शाळा संपविलेले कोणी तेथे असणारच नाही, आणि पाळणा व शाळा यांचे गुणोत्तर त्यांच्या मुदतींचे गुणोत्तर राहणार नाही. लूमन आणि रीके यांनी १९९९ मध्ये या मेघाच्या गाभ्यातील ताऱ्यांचे मध्यवय सुमारे तीन लक्ष वर्षे काढले. ते खरे असेल तर गाभ्यातील दुसऱ्या वर्गाच्या ताऱ्यांना आपली २० लक्ष वर्षांची मुदत पुरी करण्यास वेळच मिळालेला नाही, आणि वरील भागाकाराला काही अर्थ उरत नाही. विल्किंग आणि सहकाऱ्यांना २००५ मध्ये मेघाच्या पृष्ठभागाकडील, कमी झाकलेल्या ताऱ्यांचे मध्यवय सुमारे २१ लक्ष वर्षे मिळाले. म्हणजे एकाच मेघाच्या नावाखाली निदान दोन वेगळ्या पिढ्या मिसळलेल्या आहेत. तेव्हा कोणत्या पिढीतील मुलांना कोणत्या पिढीतील विद्यार्थ्यांनी भागावयाचे?

शून्य वर्गाच्या बाबतीत हे अधिक उघडपणे दिसून आले. भुजंगधारीत शून्य वर्गाचे उद्गम अगदी थोडे आहेत. त्यामुळे नव्वदीच्या दशकात त्या अवस्थेचा काळ सुमारे दहा हजार वर्षे मानला गेला, आणि एवढ्या अल्पकाळात द्रव्य फार वेगाने आत पडत असले पाहिजे अशी अनुमानेही त्यावर रचली गेली. पुढे ‘स्पिट्झर’ या अवकाश-दुर्बिणीने पाच मेघांतील १०२४ तरुण उद्गमांचा पट तयार केला. इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्यावरून शून्य वर्गाला सुमारे एक लक्ष साठ हजार आणि पहिल्या वर्गाला सुमारे पाच लक्ष चाळीस हजार वर्षे दिली. आड आलेल्या धुळीची दुरुस्ती केली असता हे आकडे आणखी खाली येतात, हेही त्यांनी लपविले नाही. दहा हजार आणि एक लक्ष साठ हजार! मधल्या काळात निसर्गाचा नियम बदलला नव्हता. एका गावाऐवजी पाच गावांची शिरगणती झाली होती. एका मेघाच्या क्षणिक स्थितीला साऱ्या ताऱ्यांच्या बाल्याचा नियम मानण्याची ही चूक, माझ्या मते, या विषयाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद चूक आहे. ती करणारे लोक निष्काळजी नव्हते. उलट त्यांच्या काळचे ते उत्तम निरीक्षक होते.

इव्हान्स यांच्या आकड्यांनाही एक टेकू आहे, आणि तो दुसऱ्या वर्गाच्या २० लक्ष वर्षांचा. हा आकडा तरुण तारकागुच्छांतील किती ताऱ्यांभोवती चकती उरली आहे यावरून येतो. गुच्छांची वये ताऱ्यांची तेजस्विता आणि तापमान यांची सैद्धांतिक वक्रांशी तुलना करून येतात. आणि बेल व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविल्याप्रमाणे ती वये दुप्पट असण्याचा संभव आहे. तसे झाले तर साखळीतील सर्वच आकडे दुप्पट होतात. ज्या मोजपट्टीने आपण मोजतो तिच्यावरील खुणा मोजलेल्या वस्तूंवरूनच पाडलेल्या आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

क्रिस्टेन्सन आणि डनहॅम यांनी २०१८ मध्ये या गणनेचे स्वरूपच बदलण्याचा प्रयत्न केला. किरणोत्सर्गी अणूप्रमाणे प्रत्येक वर्गाला ठराविक मुदत न देता त्यांनी अर्धायुष्य दिले : शून्य वर्गाला सुमारे ४७ हजार वर्षे, पहिल्या वर्गाला सुमारे ८८ हजार. दुसऱ्या वर्गाच्या २० लक्ष वर्षांचा टेकू येथेही आहेच. परंतु या मांडणीचे मोल मला आकड्यांहून तिच्या वृत्तीत दिसते. युरेनियमच्या एका अणूकडे बोट दाखवून ‘याचे वय अमुक’ असे कोणी म्हणत नाही. अर्धायुष्य हा समूहाचा धर्म आहे. वर्गाचा काळही समूहाचाच धर्म आहे. तो व्यक्तीच्या कपाळी चिकटविता येत नाही. प्रबंधिकांतील ते वाक्य चुकते ते नेमके येथे.

हा वाद केवळ काटेकोर भाषेचा असता तर त्यासाठी एवढी पाने खर्च केली नसती. याच मेघातील आयआरएस ६३ हा पहिल्या वर्गाचा उद्गम घ्या. सेगुरा-कॉक्स आणि सहकाऱ्यांनी चिलीमधील ‘आल्मा’ या दुर्बीणसमूहाने त्याच्या चकतीत वलये आणि त्यांमधील फटी पाहिल्या आणि २०२० मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. वलये हे ग्रहांच्या घडणीचे, निदान तिच्या पूर्वतयारीचे, चिन्ह असू शकते. निबंधाच्या शीर्षकातच चकतीचे वय पाच लक्ष वर्षांहून कमी असल्याचे म्हटले आहे, आणि त्यावरून ग्रह आपण समजत होतो त्याहून फार लवकर घडू लागतात हा निष्कर्ष सर्वत्र पसरला. निरीक्षण अप्रतिम आहे. पण ते वय त्या चकतीवर मोजलेले नाही. ते वर्गाच्या मुदतीतून उतरलेले आहे, आणि ती मुदत आपण वर पाहिलेल्या साखळीतून. या उद्गमाभोवती खरोखरच आवरण आहे, तेव्हा तो बाल्यावस्थेत आहे एवढे निःशंकपणे म्हणता येते. ‘लवकर’ हे विधान टिकेल. ‘पाच लक्ष’ हे तितके ठाम नाही. ग्रहनिर्मितीच्या सिद्धांताला मात्र नेमका आकडाच हवा असतो, कारण खडे एकत्र येऊन ग्रहगर्भ होण्यास पुरेसा वेळ आहे की नाही हे त्यावरच ठरते.

१२ जुलै २०२३ रोजी जेम्स वेब दुर्बिणीच्या कार्याच्या पहिल्या वर्धापनदिनानिमित्त याच मेघाचे निकट-अवरक्त चित्र प्रसिद्ध झाले. पन्नासएक तरुण तारे, एस-१ या ताऱ्याने कोरलेली झळाळती पोकळी, आणि हायड्रोजन रेणूंचे तांबडे झोत त्यात दिसतात. विभागात ते चित्र भिंतीवर लागले आहे आणि लागावेही. फक्त एवढे लक्षात असावे की त्यातील रंग आपण बसविलेले आहेत, आणि पाच मायक्रोमीटरच्या पलीकडचे, जेथे आवरणांची बहुतेक ऊर्जा असते ते, त्या चित्रात नाही. लांब तरंगांचे काम त्याआधी २००९ ते २०१३ या काळात ‘हर्शेल’ या अवकाश-वेधशाळेने केले. ज्याने भोक पाहिले त्याचेच नाव तिला मिळाले हा योग सुखद आहे. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादेहून फुग्याने उंच पाठवून इतर तारकजन्मस्थानांचे दूर-अवरक्त वेध घेतलेले आहेत. लघुतरंगांच्या सुंदर चित्राला दीर्घतरंगांच्या नीरस आकड्यांची जोड किती आवश्यक असते हे त्या परंपरेत काम केलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

वर्ग टाकून द्यावेत असे माझे म्हणणे नाही. उतार मोजणे स्वस्त आहे, शेकडो उद्गमांसाठी एकाच पद्धतीने करता येते, आणि समूहाविषयी तो पुष्कळ सांगतो. परंतु एका उद्गमाविषयी लिहिताना उतार कोणत्या तरंगलांबींच्या दरम्यान काढला, आड आलेल्या धुळीची दुरुस्ती केली की नाही, चकतीचा कल ठाऊक आहे काय, आणि दाट वायू तेथे एकवटलेला आढळला काय, एवढे तरी सांगितल्यावाचून त्याला वय देऊ नये. हे सर्व सांगून झाल्यावर बहुधा वय देण्याची इच्छाच उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

शेवटी पुन्हा व्हीएलए १६२३ कडे वळतो, कारण शून्य वर्ग ज्याच्यापासून निघाला त्या उद्गमानेच आज सर्वांत अवघड प्रश्न विचारला आहे. अधिक सूक्ष्म वेधांत तो एक उद्गम नसून अनेक आदिताऱ्यांचा समूह असल्याचे दिसले. अ आणि ब हे घटक एकमेकांशेजारी आहेत. सुमारे १० विकला पश्चिमेस तिसरा घटक आहे. अ हा शून्य वर्गाचा, तर पश्चिमेचा घटक पहिल्या वर्गासारखा दिसतो. मुरिल्लो आणि लाय यांनी २०१३ मध्ये यावरून असा निष्कर्ष काढला की ही भावंडे एकाच वेळी जन्मलेली नाहीत. वर्ग म्हणजे वय असे मानले तर दुसरा निष्कर्ष निघूच शकत नाही. परंतु पश्चिमेच्या घटकाची चकती आपल्याला जवळजवळ कडेने दिसते. आणि हॅरिस व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सुचविल्याप्रमाणे तो समूहातून बाहेर फेकला गेला असेल, तर त्याचे आवरण काळाने विरलेले नसून मागे राहिलेले असेल. तसे असल्यास तिघेही समवयस्क असू शकतात, आणि तरीही त्यांचे वर्ग वेगळे. फेकला गेला असेल तर त्याची आकाशातील गती भावंडांहून निराळी आढळली पाहिजे. १४० पार्सेकवर सेकंदास एक किलोमीटर वेग म्हणजे वर्षाला विकलेचा सुमारे दीड हजारांश भाग. आणि दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या रेडिओ वेधांत एवढे सरकणे मोजणे आता अशक्य राहिलेले नाही.